पक्षांच्या ओसरीवर बसलेल्या स्त्रिया

अर्थशास्त्राच्या तासाला विद्यार्थी सहसा परीक्षेपुरतेच प्रश्न विचारतात आणि आम्ही अध्यापकही परीक्षेपुरतीच उत्तरे देतो. परंतु पंचायतींच्या वित्तव्यवस्थेवरील एका तासाला तृतीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न अद्याप माझ्या मनातून गेलेला नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांतील आरक्षणाचा विषय चालू होता. ती उठून म्हणाली, "सर, तलाठ्याच्या जागा निघाल्या की जाहिरात येते. पात्रता ठाऊक असते, परीक्षा ठाऊक असते, मुलींसाठी किती जागा आहेत तेही ठाऊक असते. आमदारकीच्या तिकिटासाठी अर्ज कोठे करायचा?" वर्ग हसला. मीही हसलो. तास संपल्यावर मात्र जाणवले की, त्यात हसण्यासारखे काही नव्हते. उत्तर देता येत नसले की माणूस हसतो, तसे ते हसणे होते.

शासकीय कचेरीतील लिपिकाची एक जागा भरावयाची तर बिंदुनामावली तपासली जाते, स्त्रियांसाठीच्या तीस टक्के समांतर आरक्षणाचा हिशेब मांडला जातो आणि चूक झाली तर न्यायालयात दाद मागता येते. ज्यांच्या हाती त्या लिपिकाचे, त्याच्या कचेरीचे आणि आपणा सर्वांच्या करांचे भवितव्य असते, त्या लोकप्रतिनिधींची पहिली निवड मात्र मतदार करीतच नाही. ती पक्षाच्या चार-दोन माणसांच्या बैठकीत, बंद दाराआड होते. मतदारासमोर येते ती आधीच गाळून घेतलेली यादी. पक्ष ही खासगी संघटना आहे, तिने कोणाला उमेदवारी द्यावी हा तिचा प्रश्न, असे यावर सांगितले जाते. परंतु पक्षांचे उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त आहे, त्यांची चिन्हे निवडणूक आयोग राखून ठेवतो आणि निवडणुकीच्या काळात आकाशवाणी व दूरदर्शनवर मान्यताप्राप्त पक्षांना विनामूल्य वेळ मिळतो. सार्वजनिक सवलती घेणाऱ्या संस्थेला सार्वजनिक प्रश्न विचारले गेले तर तिने रागावण्याचे कारण नाही.

पन्नास वर्षांपूर्वीची शिफारस

हा प्रश्न आजचा नाही. भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या समितीने 'समानतेकडे' हा आपला अहवाल १९७४ च्या अखेरीस केंद्र सरकारला सादर केला. विधिमंडळांत स्त्रियांना राखीव जागा ठेवण्यास त्या समितीच्या बहुमताने अनुकूलता दर्शविली नव्हती. वीणा मजुमदार व लोतिका सरकार यांनी आपले भिन्न मत नोंदविले होते. परंतु पक्षांविषयी समितीने स्पष्ट शिफारस केली होती. संसद व विधानसभांच्या निवडणुकांत किती स्त्रियांना उमेदवारी द्यावयाची याचे निश्चित धोरण प्रत्येक पक्षाने ठरवावे, आरंभ १५ टक्क्यांपासून करावा आणि पुढे ते प्रमाण वाढवीत न्यावे, अशी ती शिफारस होती.

पन्नास वर्षे उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. एकूण ४,१३६ उमेदवारांत स्त्रिया होत्या ३६३, म्हणजे शेकडा नऊसुद्धा नाहीत. २८८ सदस्यांच्या सभागृहात निवडून आल्या २१ स्त्रिया. २०१९ मध्ये हीच संख्या २४ होती. ज्या राज्याने १९९४ मध्ये देशात सर्वांआधी स्त्रीविषयक धोरण जाहीर केले आणि २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांना देण्याचा कायदा केला, त्या राज्याच्या विधानसभेचे हे चित्र आहे.

मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर ते याहून वेगळे नाही. विभागातील ४६ विधानसभा मतदारसंघांतून २०२४ मध्ये पाच स्त्रिया निवडून आल्या. फुलंब्री, कन्नड, जिंतूर, केज आणि भोकर हे ते पाच मतदारसंघ. लोकसभेची कहाणी अधिक बोलकी आहे. २००४ मध्ये मराठवाड्याच्या आठ जागांपैकी लातूरहून रूपाताई पाटील निलंगेकर, उस्मानाबादहून कल्पना नरहिरे आणि हिंगोलीहून सूर्यकांता पाटील अशा तीन स्त्रिया लोकसभेत गेल्या होत्या. २०२४ मध्ये आठांपैकी एकही गेली नाही. आणि आपल्या औरंगाबाद लोकसभा मतदारसंघाने तर १९५२ पासून २०२४ पर्यंत एकाही स्त्रीला निवडून दिलेले नाही. निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यात धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रिया ज्या भूमीत शस्त्र घेऊन उतरल्या, त्या भूमीविषयी आपण बोलत आहोत, हे विसरून चालणार नाही.

दोन कोटी लाभार्थी, एकवीस आमदार

स्त्रियांना राजकारणात रस नाही, असे एक ठरीव उत्तर यावर मिळते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यातील स्त्रियांचे मतदान पुरुषांच्या जवळजवळ बरोबरीने झाले. त्याच वर्षी सत्ताधाऱ्यांनी स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची योजना सुरू केली. दोन कोटींहून अधिक स्त्रिया तिच्या लाभार्थी झाल्या. विरोधकांनी दरमहा ३,००० रुपयांचे आश्वासन दिले. दोन्ही बाजूंनी अशी बोली लागावी, इतके स्त्रीमताचे मोल साऱ्या पक्षांना कळले होते, हे उघड आहे.

या योजनेची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. घरात स्वतःच्या नावावर एक पैसाही नसलेल्या बाईच्या हाती दीड हजार रुपये येणे याचा अर्थ काय होतो, हे पगारदारांना सहज कळणार नाही. परंतु ज्या वर्षी दोन कोटी स्त्रियांना बहीण म्हटले गेले, त्याच वर्षी सभागृहात एकवीसच बहिणींना जागा मिळाली, हेही त्याच हिशेबवहीत नोंदले पाहिजे. अर्थशास्त्राच्या भाषेत, पक्षांनी स्त्रीला ग्राहक म्हणून मान्य केले आहे. भागीदार म्हणून नाही. ओवाळणी घालणे आणि वाटणी देणे यांतील फरक आपल्या समाजात कोणत्याही बहिणीला समजावून सांगावा लागत नाही.

शिडीच्या गाळलेल्या पायऱ्या

मग अडते कोठे? महाराष्ट्रातील राजकारणाची शिडी आपल्या परिचयाची आहे. गावची सोसायटी, बाजार समिती, जिल्हा मध्यवर्ती बँक, सहकारी साखर कारखाना, शिक्षणसंस्था आणि मग विधानसभा. या संस्थांतून पैसा उभा राहतो, माणसे उपकृत होतात, कार्यकर्ते पोसले जातात. उमेदवारी मागणाऱ्याच्या पाठीशी काय आहे, हे पक्ष या संस्थांवरूनच जोखतो. आता या पायऱ्यांवर स्त्री कोठे आहे ते पाहावे. सोसायटीचे सभासदत्व बहुधा सातबाऱ्यावरून ठरते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील एकूण वहितीधारणांपैकी केवळ १४ टक्क्यांच्या आसपास स्त्रियांच्या नावे होत्या. कमाल २१ संचालकांच्या सहकारी मंडळात स्त्रियांसाठी जागा राखलेल्या आहेत दोन. म्हणजे पंचायतीत निम्मा वाटा, सहकारात दोन खुर्च्या आणि पक्षाच्या उमेदवारी ठरविणाऱ्या बैठकीत बहुधा शून्य.

पक्षांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे महिला आघाडी. आघाडीच्या कार्यकर्त्या सभेला गर्दी जमवितात, हळदीकुंकवाचे मेळावे भरवितात, मोर्चात पुढे चालतात आणि लाठी खावयाची वेळ आली तर तीही खातात. परंतु जिल्हा कार्यकारिणीत, निवड मंडळात, निधी वाटपाच्या बैठकीत त्यांना बोलावणे नसते. जुन्या वाड्यात स्त्रीची जागा माजघरात होती आणि ओसरीवरच्या खलबतांत तिला मज्जाव होता. पक्षांनी तिला माजघरातून बाहेर काढून ओसरीवर बसविले खरे, पण खलबते मात्र आता माजघरात नेली.

महाराष्ट्रात वेगळे काही घडलेच नाही, असे नाही. प्रेमलाबाई चव्हाण, प्रभा राव आणि प्रतिभा पाटील यांनी प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद भूषविले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते या पाण्याच्या व महागाईच्या लढ्यांतून पुढे येऊन लोकसभेत गेल्या. शेतकरी संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला स्त्रियांचे विराट अधिवेशन भरविले आणि ग्रामपंचायतींपासूनच्या निवडणुका लढविण्याचा विचार शेतकरी स्त्रियांपुढे ठेवला. जळगाव जिल्ह्यातील विटनेर येथे संपूर्ण ग्रामपंचायत स्त्रियांच्या हाती आली, ती त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीच्या आधी. पुढे तेथील पुरुषांनी आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करून दिला. सत्ता आणि सातबारा यांची सांगड त्या गावाला कळली होती. पक्षांना ती कळली नाही, किंवा कळूनही वळली नाही.

वहिनींची नोंदवही

येथे मला स्वतःविषयी काही सांगणे भाग आहे, कारण दोष केवळ पुढाऱ्यांच्या पदरात टाकून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही. गंगापूर तालुक्यातील आमच्या गावी २०१५ मध्ये सरपंचपद स्त्रीसाठी राखीव झाले. घरातील वडीलधाऱ्यांनी माझ्या चुलतवहिनींचे नाव पुढे केले. त्यांना कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही. उलट, शिकलेला म्हणून त्यांचे पहिले भाषण मीच लिहून दिले आणि पहिल्या वर्षी ग्रामसभेत त्यांच्या शेजारी बसून उत्तरेही मीच आणि माझे चुलतबंधू देत होतो. सरपंचपतींची चेष्टा करणारे लेख मी वाचत असे. आमच्याच घरात तो प्रकार चालला आहे, हे मात्र मला दिसले नाही.

त्या वर्षी मराठवाड्यात भीषण दुष्काळ होता. गावात टँकर चालू होते. टँकरच्या खेपांची नोंदवही असते आणि तिच्यावर गावाच्या वतीने सही होते. एके दिवशी वहिनींनी सही करण्यास नकार दिला. वहीत चार खेपा होत्या. त्या दिवसभर विहिरीपाशी बसून होत्या आणि त्यांनी तीनच मोजल्या होत्या. टँकरवाल्याने चुलतबंधूंना फोन केला, बंधूंनी वहिनींना समजावले, पण त्या ऐकेनात. तिसऱ्या वर्षी त्या पंधरवड्यातून एकदा तालुक्याला एकट्या जाऊ लागल्या. चौथ्या वर्षी अंदाजपत्रकातील एक आकडा मला चुकीचा सांगितला गेला होता, तो त्यांनी दुरुस्त करून दिला. अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीचा मला अभिमान आहे. परंतु सार्वजनिक पैशाचा हिशेब पाण्याच्या हंड्यापर्यंत कसा पोचवावा, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

२०२१ च्या निवडणुकीत त्यांच्या प्रभागावरील आरक्षण उठले. घरात एका वाक्यात निर्णय झाला, "आता जागा सुटली, तुम्ही विश्रांती घ्या." चुलतबंधू उभे राहिले. वहिनी काही बोलल्या नाहीत. मी घरी होतो. मीही काही बोललो नाही.

ही एका घराची गोष्ट असती तर मी येथे लिहिली नसती. दर पाच वर्षांनी सोडत निघते, आरक्षण फिरते आणि राज्यातील हजारो अनुभवी स्त्रिया अशाच घरी पाठविल्या जातात. सार्वजनिक खर्चाने घडविलेले हे मनुष्यबळ आहे. एखाद्या कारखान्याने दर पाच वर्षांनी आपले कसबी कामगार काढून नवखे भरले तर त्या व्यवस्थापनाला आपण वेड्यात काढू. पक्ष नेमके हेच करीत आले आहेत.

'निवडून येण्याची क्षमता'

उमेदवारी नाकारताना पक्षांचे एकच उत्तर तयार असते : स्त्रीमध्ये निवडून येण्याची क्षमता नसते. हे विधान तपासून पाहण्याजोगे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरातील उमेदवारांत स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी होते. निवडून आलेल्या ५४३ जणांत मात्र स्त्रिया होत्या ७४, म्हणजे साडेतेरा टक्क्यांहून अधिक. उमेदवारांच्या यादीत अपक्षांची मोठी गर्दी असते हे मान्य करूनही, मतदार स्त्रीला नाकारतो असा अर्थ या आकड्यांतून निघत नाही.

अधिक ठोस पुरावा मुंबईचा आहे. मुंबई महापालिकेचे जे प्रभाग १९९७ मध्ये स्त्रियांसाठी राखीव होते आणि २००२ मध्ये खुले झाले, त्यांचा अभ्यास राज्यशास्त्रज्ञ रिखिल भावनानी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केला. आधी राखीव असलेल्या प्रभागांत, आरक्षण उठल्यानंतरही, स्त्री निवडून येण्याची शक्यता इतर खुल्या प्रभागांच्या जवळजवळ पाचपट आढळली. एकदा संधी मिळाली की स्त्रीला अनुभव येतो, मतदाराला सवय होते आणि स्त्री उमेदवारही जिंकते हे पक्षालाही उमजते. क्षमता ही आधी असावी लागते असे नाही. संधीतून ती घडते. आणि ती घडल्यावर कारभारात काय पडते, तेही मोजले गेले आहे. एस्थर डुफ्लो व राघबेंद्र चट्टोपाध्याय यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पश्चिम बंगाल व राजस्थानातील स्त्री-प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केल्याचे दिसले. टँकरच्या खेपा मोजणाऱ्या आमच्या वहिनींना यात नवल वाटणार नाही.

घराणेशाहीचा आक्षेपही येथे विचारात घेतला पाहिजे. मराठवाड्यातून २०२४ मध्ये निवडून आलेल्या पाच आमदारांपैकी किमान चौघी कोणत्या ना कोणत्या राजकीय घराण्यातील कन्या किंवा सुना आहेत. परंतु यासाठी त्यांनाच बोल लावणे अन्यायाचे होईल. पुत्र आणि पुतणे पुरुषांतही थोडे नाहीत. फरक इतकाच की, घराणे नसलेल्या पुरुषाला विद्यार्थी संघटना, कामगार संघटना, सोसायटी, ठेकेदारी असे दुसरे रस्ते असतात. घराणे नसलेल्या स्त्रीला रस्ताच नसतो. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका हाच होता.

कायद्याची वाट पाहत बसावे काय?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये संसदेने १०६ वी घटनादुरुस्ती संमत करून लोकसभा व विधानसभांतील एक-तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवण्याची तरतूद केली. १९९६ मध्ये पहिल्यांदा मांडलेल्या विधेयकाला सत्तावीस वर्षांनी हे यश आले. परंतु त्या कायद्याने अंमलबजावणीची गाठ पुढील जनगणनेशी आणि त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी मारली. शिवाय राखीव जागा फिरत्या राहतील, असेही त्यातच लिहिले आहे. गावच्या सोडतीत जे घडले ते उद्या विधानसभेच्या पातळीवर घडणार नाही, याची हमी कायदा देऊ शकत नाही. जागा स्त्रीची हे कायदा सांगेल. ती स्त्री कोण, हे पक्षच सांगणार. म्हणून पक्षाच्या आत काय चालते हा प्रश्न कायद्यानंतरही सुटत नाही. किंबहुना तो अधिक तातडीचा होतो.

पक्षांनी मनात आणले तर कायद्यावाचूनही पुष्कळ होते. ब्रिटनच्या मजूर पक्षाने नव्वदच्या दशकात काही मतदारसंघांत केवळ स्त्रियांमधूनच उमेदवार निवडले. १९९७ च्या निवडणुकीत त्या पक्षाच्या १०१ स्त्रिया निवडून आल्या. तेथील मतदारसंघ आपल्यासारखेच एक-सदस्यीय आहेत, म्हणून हे उदाहरण महत्त्वाचे. ओडिशात २०१९ मध्ये बिजू जनता दलाने लोकसभेच्या २१ जागांपैकी सात स्त्रियांना दिल्या आणि पाच जिंकल्या. त्यांतील अस्का येथून निवडून आलेल्या प्रमिला बिसोई या बचत गटाच्या कार्यकर्त्या होत्या. आपल्याकडेही बचत गटांचे जाळे गावोगाव पसरले आहे. पक्षांना त्या स्त्रिया सभेच्या दिवशी आठवतात, उमेदवारीच्या दिवशी आठवत नाहीत. उलट, उत्तर प्रदेशात २०२२ मध्ये काँग्रेसने ४० टक्के उमेदवारी स्त्रियांना देण्याचे जाहीर केले, पण पक्षाचेच बळ ओसरलेले होते. एकूण दोन जागा हाती आल्या. धडा असा की, हरण्याच्या जागा वाटून औदार्य मिरविता येत नाही. पक्षाला जी जागा जिंकता येते, ती स्त्रीला देण्यातच खरी कसोटी आहे.

तेव्हा मागणी मोठी नाही. प्रत्येक पक्षाने उमेदवारीसाठी किती स्त्रियांनी अर्ज केले आणि किती जणींना ती दिली, हे आकडे जाहीर करावेत. जिल्हा कार्यकारिणीत आणि निवड मंडळात एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात. जागेवरील आरक्षण उठल्यावर तेथे पाच वर्षे काम केलेल्या स्त्रीला खुल्या जागेवर उमेदवारी नाकारावयाची असेल, तर कारण लेखी द्यावे. यांपैकी एकाही गोष्टीसाठी घटनादुरुस्तीची, जनगणनेची वा पुनर्रचनेची गरज नाही. गरज आहे ती पुढच्या निवडणुकीत दारात मत मागण्यास आलेल्या कार्यकर्त्याला थांबवून हे तीन प्रश्न विचारण्याची. शिक्षक, कारकून, विद्यार्थी यांना एवढे निश्चित करता येईल. आणि ज्यांच्या स्वतःच्या घरात सोडतीचा निकाल पोचतो, त्यांनी माझ्याप्रमाणे गप्प बसू नये.

त्या विद्यार्थिनीला मी अद्याप उत्तर दिलेले नाही. अर्ज करण्याची जागा नाही, ती आपण मागून घ्यावी लागेल, एवढेच सांगता येईल. गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा टँकर नुकताच येऊन गेला होता. नोंदवही आता दुसऱ्याच्या हाती असते. वहिनी दारात तांदूळ निवडीत बसल्या होत्या. मी सहज विचारले, "आज किती खेपा झाल्या?" त्यांनी वर न पाहताच सांगितले, "दोन. लिहितील तीन."